बाबांना चार मुलं झाली, मग माझा प्रॉब्लेम जेनेटिक कसा?

पत्र थोडं छाटून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, मी ३४ चा, लग्नाला पाच वर्षं झाली. तीन वर्षं मुलासाठी प्रयत्न चाललेत. पहिली दोन वर्षं फक्त बायकोच्याच टेस्ट झाल्या, सगळ्या नॉर्मल आल्या. शेवटी माझी सीमेन टेस्ट केली तर काउंट १८ लाख, महिन्याने परत केली तर १२ लाख. मॉर्फोलॉजी (नीट आकाराचे शुक्राणू) २ टक्के, व्हॉल्यूम २.६ एमएल, रक्तात एफएसएच १७. सोनोग्राफीत डावीकडे थोडं व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं) दिसलं. आता डॉक्टरांनी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची मोजणी) आणि वाय मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा तुकडा गळालाय का ते बघणं) अशा दोन टेस्ट लिहून दिल्यात, म्हणाले जेनेटिक असू शकतं. पण बाबांना आम्ही चार मुलं, मोठ्या भावाला दोन. जे घरात कुणालाच नाही ते माझ्यात कुठून येणार? मला वाटतं उगाच टेस्ट वाढवतायत, आणि प्रॉब्लेम वीर्यात आहे तर रक्त कशाला काढायचं? जिममधला मित्र म्हणतो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे, काउंट वर जाईल, त्याने आणूनही दिलीयत. आणि ९८ टक्के शुक्राणू वाकडेतिकडे म्हणजे मूल झालंच तर त्याच्यात व्यंग असेल का? आईला काही सांगितलेलं नाही, तिला वाटतं सुनेतच काहीतरी आहे."

हे बघ, ताई म्हणालायस तर मी सरळ अरेतुरेच करते. आधी इंजेक्शनांचं बोलू, कारण बाकी सगळं महिनाभर थांबू शकतं पण ते नाही. घेऊ नकोस. एकही नको. मी बरीच वर्षं लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काढलीयत आणि "काउंट वाढावा म्हणून" टेस्टोस्टेरॉन टोचून घेऊन शून्य काउंट घेऊन आलेली तगडी पोरं मी पाहिलीयत, दंड असे की रक्तदाबाचा पट्टा बसत नाही आणि स्लाइडवर एक शुक्राणू नाही. होतं काय, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते, त्या हुकमावर अंडकोष टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर पडलाय, तो हुकूमच थांबवतो. आणि शुक्राणू तयार व्हायला अंडकोषाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, ते तिथल्या तिथेच बनावं लागतं, दंडात टोचून ते तिथे पुरं पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास याच इंजेक्शनांची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती, आणि ती चाललीही होती! म्हणजे तुझा मित्र तुला चक्क कुटुंबनियोजनाचं औषध देतोय. बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो पण महिनोन् महिने जातात, आणि तुझ्याकडे १२ लाखच आहेत, त्याच्याशी खेळ नको.

आता १२ लाख म्हणजे किती ते नीट समजून घे, कारण ऐकायला मोठा आकडा वाटतो. २०२१ च्या डब्ल्यूएचओच्या पुस्तकात एका एमएलला १ कोटी ६० लाख ही खालची रेषा दिलीय. ही रेषा कशी काढली तर ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांतले सगळ्यात खालचे ५ टक्के जिथे संपतात तिथे. म्हणजे रेषेच्या खाली गेलं की मूल अशक्य असं नाही, वर असलं की नक्की असंही नाही. पण तू रेषेच्या जरा खाली नाहीयेस, फारच खाली आहेस, तेही दोन्ही वेळा. आणि एफएसएच १७ हे जास्त आहे. एफएसएच चढतं तेव्हा समज की मेंदू ओरडून ओरडून मागतोय पण कारखान्यातून माल येत नाहीये. वाटेत अडथळा असता तर एफएसएच साधारण नॉर्मल राहिलं असतं. तेव्हा तुझ्या बाबतीत प्रश्न उत्पादनाचा आहे, आणि उत्पादनाचा प्रश्न आणि काउंट ५० लाखांच्या खाली असं दोन्ही एकत्र आलं की गुणसूत्रं बघायला सांगतात, हे कुठल्याही बऱ्या गाइडलाइनमध्ये असतं. (वाय डिलीशनच्या टेस्टसाठी काही ठिकाणी रेषा याहून खाली धरतात, पण तू दोन्हीकडे जवळपासच आहेस.) तर डॉक्टर टेस्ट वाढवत नाहीयेत. उलट मला विचारशील तर ही चौकशी आयव्हीएफच्या आधी, ऑपरेशनच्या आधी, गोळ्यांच्या डब्यांच्या आधी व्हायला हवी, आणि बहुतेक वेळा ती सगळ्यात शेवटी होते याचा मला राग आहे.

बरं, बाबा. चार मुलं झालेल्या माणसाच्या पोटी असा मुलगा कसा, हा प्रश्न तू चिडून विचारलायस पण प्रश्न फार चांगला आहे. आपल्या डोक्यात जेनेटिक म्हणजे खानदानी असं घट्ट बसलंय. जेनेटिक म्हणजे फक्त एवढंच की गडबड डीएनएत आहे. ती आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून तुझ्याकडे चालत आली असेलच असं नाही, ती तुझ्यापासूनच सुरू झालेली असू शकते.

वाय क्रोमोसोमचंच घे. बाकीची गुणसूत्रं जोडीने असतात, एकात काही चुकलं तर जोडीदाराकडे बघून दुरुस्ती होते. वायला पुरुषात तसा जोडीदार नाही, एक्स असतो पण टोकाचे छोटे भाग सोडले तर दोघांचं जुळत नाही. म्हणून वायने स्वतःचीच व्यवस्था केलीय, महत्त्वाचा मजकूर स्वतःवरच दोन-दोनदा, उलटसुलट लिहून ठेवलाय, म्हणजे एक प्रत बिघडली तर दुसरीवरून सुधारता येईल. २००३ मध्ये वायचा बराचसा मजकूर वाचून झाला तेव्हा हे दिसलं. आता जुनी पोथी हाताने उतरवून घेताना काय होतं आठव, दोन ओळींचा शेवट सारखाच असला की लिहिणाऱ्याची नजर वरच्या ओळीवरून थेट खालच्या ओळीवर घसरते आणि मधला सगळा मजकूर गळतो, आणि लिहिणाऱ्याला पत्ताच नसतो. वायचं अगदी तसंच होतं. सारख्या मजकुराचे दोन तुकडे एकमेकांना चुकून जुळतात आणि मधला भाग उडतो. तुझ्यात हेच निघालं तर असं समज, हे बाबांच्या अंगातल्या सगळ्या पेशींत झालेलं नाही. बाबांचा वाय धडधाकट आहे, तोच तुझ्या भावाकडे धडधाकट गेला. ज्या एका शुक्राणूपासून तू झालास त्याची नक्कल होताना पान गळलं. यात बाबांची चूक नाही, तुझी तर नाहीच.

शुक्राणू बनवायला लागणारे जीन वायच्या लांब हातावर आहेत असा पहिला सुगावा १९७६ मध्ये इटलीतल्या तिएपोलो आणि झुफार्दी या दोघांना लागला, शुक्राणू अजिबात नसलेल्या काही पुरुषांचा वाय त्यांना आखूड दिसला. त्या भागाला आता एझेडएफ म्हणतात आणि त्याचे ए, बी, सी असे तीन तुकडे पाडलेत. रिपोर्टवर तुला हीच अक्षरं दिसतील आणि कुठलं अक्षर आलं यावर पुढचं सगळं ठरतं. ए पूर्ण गेला किंवा बी पूर्ण गेला तर अंडकोष उघडून शोधलं तरी शुक्राणू मिळत नाहीत असाच अनुभव आहे, त्यामुळे अशा माणसाला सर्जन ऑपरेशनच करू नका म्हणतात. ऐकायला वाईट आहे पण एक निरर्थक ऑपरेशन आणि वर्षभराची खोटी आशा तरी वाचते. तुझ्या वीर्यात शुक्राणू आहेत, तेव्हा हे दोन तुझ्यात असणं जवळपास नाहीच. राहिला सी. सी गेलेल्या माणसात काउंट फार कमी असतो किंवा शून्य असतो, पण जे शुक्राणू असतात ते इक्सीसाठी, म्हणजे एक शुक्राणू सुईने उचलून थेट बीजात सोडायला, वापरता येतात, शून्य असला तरी बऱ्याच जणांत मायक्रो-टीसे करून, म्हणजे मायक्रोस्कोपखाली अंडकोषातल्या बारीक नळ्या शोधून, सापडतात.

आणि इथेच तुझ्या प्रश्नाची दुसरी बाजू येते. मूलच होऊ देत नाही असा दोष पुढच्या पिढीत जाईलच कसा? पूर्वी जायचा नाही, एखाद्यातच संपायचा. १९९२ मध्ये ब्रसेल्समधून पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्सीने राहिलेल्या पहिल्या गर्भारपणांची बातमी दिली. त्या दिवसापासून हे दार उघडलं. वडिलांचा वाय मुलाकडे जसाच्या तसा जातो, तेव्हा सीचा तुकडा तुझ्यात नसेल तर तुझ्या प्रत्येक मुलातही तो नसेल, शंभरात शंभर. मुलींना वाय मिळतच नाही म्हणून त्यांचा प्रश्न नाही. (वंशाला दिवा पाहिजे म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आणि हे लिंग निवडा म्हणून सांगत नाहीये, त्या वाटेला जायचंच नाही.) तो मुलगा बाकी तब्येतीने ठणठणीत असेल, पण मोठा झाल्यावर तोही बहुधा असाच एखाद्या सल्ला सदराला पत्र लिहीत बसेल. हे नकोच असं मी म्हणणार नाही, बहुतेक जोडपी "त्याच्या वेळेपर्यंत सायन्स पुढे गेलेलं असेल" म्हणून पुढे जातात आणि मला ते पटतंही, फक्त ते माहीत असून ठरवावं, नंतर कळू नये. ब्रसेल्सच्याच लोकांनी २०१६ मध्ये इक्सीने जन्मलेल्या, १८ ते २२ वयाच्या ५४ मुलांचं वीर्य तपासलं, त्यांची कॉन्सन्ट्रेशन साध्या पद्धतीने जन्मलेल्या मुलांच्या साधारण निम्मी निघाली. सगळं वायमुळे नाही, वडिलांकडून काय काय आलं त्याचा हा एकत्र हिशोब आहे.

कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रं मोजतात आणि त्यांचा आकार बघतात. सगळ्यात जास्त सापडतो तो क्लाइनफेल्टर, एक्सवायऐवजी एक्सएक्सवाय. १९४२ मध्ये डॉक्टर क्लाइनफेल्टरांनी वर्णन केलं, एक एक्स जास्त आहे हे १९५९ मध्ये कळलं. साधारण ५०० ते १००० मुलग्यांत एक, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, आणि कित्येकांना मूल होत नाही म्हणून तपासल्यावरच कळतं. हाही वारशाने येत नाही, आईच्या बीजात किंवा बापाच्या शुक्राणूत वाटणी चुकते, जवळपास निम्मं-निम्मं. पण त्यात बहुतेकांचा काउंट शून्य असतो म्हणून तुझ्यात मला तो कमी वाटतो, नाही असं म्हणत नाही. दुसरं निघू शकतं ते ट्रान्सलोकेशन, दोन गुणसूत्रांनी एकमेकांचे तुकडे बदलून घेतलेले असतात, मजकूर सगळा असतो पण पानं इकडची तिकडे लागलेली. तो माणूस स्वतः ठीक असतो, पण शुक्राणूंत वाटणी करताना काहींना पान जास्त जातं काहींना कमी, म्हणून काउंट कमी, किंवा दिवस राहतात आणि पुन्हा पुन्हा पडतात. हे मात्र घरात चालत आलेलं असू शकतं, तेव्हा हे निघालं तर भावाबहिणींना सांगावं लागेल, आणि आयव्हीएफ करताना भ्रूण तपासून घेता येतो.

घरातल्यांचा विषय निघालाच आहे तर एक काम कर, बाबांकडे नको, आईच्या माहेरी चौकशी कर. एखाद्या मामाला मूल झालं नव्हतं का? शुक्राणू बनण्याचे बरेच जीन एक्सवर आहेत, टेक्स११ नावाचा एक तर यासाठी बराच अभ्यासला गेलाय, आणि तुझा एक्स आईकडून आलाय. आईला दुसरा चांगला एक्स असतो म्हणून तिला काही त्रास होत नाही, मुलाला मात्र एकच. म्हणजे बाबांची चार मुलं हा पुरावा इथे कामाचाच नाही. आईबाबा एकमेकांच्या रक्ताच्या नात्यातले असतील तर तेही डॉक्टरांना सांग, काही दोष दोन्हीकडून अर्धा अर्धा आला तरच दिसतात.

तुझं व्हॉल्यूम २.६ आहे हे बरं आहे. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, व्हॉल्यूम एमएलभरही नाही, काउंट शून्य, पण एफएसएच आणि अंडकोषांचा आकार नॉर्मल असं असेल तर शुक्राणू वाहून आणणाऱ्या नळ्याच जन्मतः नसू शकतात आणि त्यामागे बऱ्याचदा सीएफटीआर हा जीन असतो, सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आजाराचा. तिथे शुक्राणू आत भरपूर बनत असतात, सुईने काढता येतात, पण आधी बायकोची सीएफटीआर टेस्ट झालीच पाहिजे, कारण तीही वाहक निघाली तर बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक किंवा त्याहून जास्त होते. आणि ज्याला लहानपणापासून वास येत नाही, दाढीमिशी उशिरा किंवा आलीच नाही, त्याने कालमन सिंड्रोमबद्दल विचारावं. जेनेटिक असून इंजेक्शनांनी काउंट येतो असा हा एक प्रकार आहे, अर्थात ती इंजेक्शनं वेगळी, एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची, जिममधली नव्हेत.

रक्त का? कारण अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच पोथी असते, आणि रक्तातून ती काढणं सोपं. शुक्राणूत अर्धीच गुणसूत्रं असतात, त्यातून तुझं पूर्ण चित्र मिळणार नाही. डीएनए फ्रॅगमेंटेशन नावाची टेस्ट वीर्यावर होते पण ती वेगळी गोष्ट, त्यात शुक्राणूंतला डीएनए किती तुटलाय ते बघतात, तू कुठला जीन घेऊन आलायस ते नाही. सिगरेट, ताप, उष्णता, व्हेरिकोसील याने ते तुटणं वाढतं. दोन्हींची गल्लत लोक फार करतात.

९८ टक्क्यांना घाबरू नकोस. मॉर्फोलॉजीत डोकं, मान, शेपूट इतकं काटेकोर मापतात की ४ टक्के चांगले असले तरी नॉर्मल लिहितात. मी स्वतः मोजलेत म्हणून सांगते, दोन माणसं एकच स्लाइड बघून २ आणि ५ लिहू शकतात. आणि शुक्राणूच्या डोक्याचा आकार वाकडा म्हणजे आतला मजकूर वाकडा असं नसतं, बाळाच्या व्यंगाशी त्याचा असा थेट संबंध लावता येत नाही. अपवाद म्हणजे एकूण एक शुक्राणू एकाच पद्धतीने बिघडलेले असतात तेव्हा, सगळ्यांची डोकी गोल आणि टोपीच नाही, किंवा सगळ्यांच्या शेपट्या आखूड नाहीतर गुंडाळलेल्या. त्याला वेगळे जीन असतात. तुझ्या रिपोर्टमध्ये तसं असतं तर लॅबने नक्की लिहिलं असतं.

व्हेरिकोसीलचं ऑपरेशन कुणी सुचवलं तर म्हण, आधी रिपोर्ट येऊ द्या. शंभरातल्या पंधरा पुरुषांत व्हेरिकोसील असतंच, त्यातल्या बऱ्याच जणांना मुलंही झालेली असतात. वायचा तुकडा गेलेला असेल तर शीर बांधून तो परत येणार नाही. गोळ्या आणि पावडरींचंही तेच. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला, पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं, ना वीर्य सुधारलं ना बाळं वाढली. सिगरेट सोड, ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून परत टेस्ट कर, कारण एक शुक्राणू बनून बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात. पण यातून १२ लाखांचे दोन कोटी होतील अशी आशा धरू नकोस.

दोन्ही टेस्ट नॉर्मल आल्या तर? येऊ शकतात, बहुतेकांच्या येतात. त्याचा अर्थ जेनेटिक नाही असा होत नाही, या दोन टेस्टना जे दिसतं ते नाही एवढाच. शुक्राणू बनवायला शेकडो जीन लागतात आणि त्यातले थोडेच रोजच्या तपासणीत आलेत. तेव्हा कारण कळलं नाही तरी उपाय थांबत नाही, इक्सीला कारण माहीत असायलाच पाहिजे असं नाही. काहीही येवो, आत्ताच्या आत्ता वीर्य फ्रीझ करून ठेवायचं विचार. १८ चे १२ झालेत, दोन टेस्टमध्ये एवढा फरक नेहमीचा असतो पण खरंच उतरत असेल तर आज आहे ते ठेवलेलं बरं. आणि महिन्यातून एकदा आंघोळीत अंडकोष हाताने चाचपत जा, काउंट फार कमी असलेल्या पुरुषांत अंडकोषाच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त असतं, गाठ लागली तर लगेच दाखव.

पुरुषत्वाबद्दल तू सरळ काही लिहिलं नाहीस पण पत्रभर ते दिसतंय. शुक्राणू बनवणाऱ्या नळ्या वेगळ्या आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, शेजारी शेजारी असतात एवढंच. एक खातं तोट्यात गेलं म्हणून दुसरं बुडत नाही. टेस्टोस्टेरॉनही तपासून घे, नॉर्मल असेल तर विषय संपला, कमी असेल तर त्याचाही इलाज आहे पण तो मुलाचं मार्गी लागल्यावर.

आईला काउंट, एफएसएच, क्रोमोसोम हे सांगायलाच पाहिजे असं नाही, तो तुझा खाजगी कागद आहे. पण तुझ्या बायकोने दोन वर्षं सुया टोचून घेतल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल आणले, आणि तरी घरात बोलणी तीच खातेय आणि तू गप्प आहेस, हे मला खटकलं. "प्रॉब्लेम माझ्यात आहे, ट्रीटमेंट चालू आहे", एवढं एक वाक्य पुरे. मामाची चौकशी करायला आईशी बोलायचंच आहेस, त्याच दिवशी बोलून टाक. कॅरिओटाइपला पेशी वाढवाव्या लागतात म्हणून दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा वेळ आहे. रिपोर्ट आला की आकड्यांसकट परत लिही, एझेडएफच्या पुढे कुठलं अक्षर आहे ते न विसरता. आणि ती इंजेक्शनं आजच मित्राला परत देऊन ये.